टाकीतली कीड आणि डिसेंबरचं तिकीट

पत्राचा गोषवारा

टेक्ससमध्ये डॅलसजवळ राहणारे एक वाचक लिहितात: घरात ७५ गॅलनची, म्हणजे सुमारे २८५ लिटरची रीफ टाकी (खाऱ्या पाण्यातली, जिवंत प्रवाळांची टाकी) आहे. दगडांवर झोअँथिड (बटणांसारखे दिसणारे, प्रवाळांचे नातलग), चार-पाच अ‍ॅक्रोपोरा (फांद्यांची दगडी प्रवाळं), थोडी मऊ प्रवाळं, दोन क्लाउनफिश, एक सिक्सलाइन रास नावाचा छोटा मासा. ऑगस्टमध्ये फ्रॅग-स्वॅपमधून, म्हणजे छंदिष्ट प्रवाळांचे तुकडे (फ्रॅग) अदलाबदल करतात त्या मेळाव्यातून, दोन अ‍ॅक्रोपोरा आणल्या. मग गणपतीच्या सुमारास मंडळातल्या एका मित्राने अ‍ॅक्रोपोराचा मोठा तुकडा भेट दिला. सप्टेंबर संपता संपता अ‍ॅक्रोपोरांचा रंग उतरला, अंगावर फिकट गोल डाग आले, आणि टर्की बास्टरने (रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीने) पाणी मारल्यावर जवळजवळ पारदर्शक असे चपटे किडे सुटून वाहू लागले. शिवाय दगडांवर काचेसारखी तपकिरी छोटी ‘फुलं’ उगवली. ती सुरीने खरवडली तर आता चाळीसच्या वर झाली. रात्री टॉर्चच्या उजेडात केसाळ किडेही दिसले. ते चिमट्याने वेचून मारणं चालू आहे.

१४ डिसेंबरला कुटुंब पाच आठवड्यांसाठी भारतात येणार. ‘त्याआधी टाकी पूर्ण निर्जंतुक करायची आहे. चपट्या किड्यांचं औषध मागवलंय, दुप्पट डोस टाकू का? काय टाकलं म्हणजे सगळं मरेल?’ सध्या टेक्ससमध्ये त्यांच्याकडेच असलेल्या आईंचं म्हणणं, दगड बाहेर काढून उकळ. पत्नीचं म्हणणं, टाकी विकून टाक. मित्राने रोगट माल जाणूनबुजून गळ्यात मारला असं वाटतं, म्हणून त्याच्याशी बोलणं बंद. पत्राच्या तळाशी दोन ओळी घाईत लिहिलेल्या: सप्टेंबरच्या सुरुवातीला तिघांना माझ्या टाकीतले फ्रॅग दिले होते. आणि पुण्याच्या भाच्याला नाद लागलाय, त्याच्यासाठी एखादा फ्रॅग बॅगेतून नेता येईल का?

उत्तर

सप्रेम नमस्कार,

बाकीचं नंतर बोलू, आधी दगड उकळण्याचा बेत रद्द करा. आणि तो का रद्द केला हेही आईंना नीट सांगा, नाहीतर तुम्ही ऑफिसात असताना मुलाला मदत म्हणून त्या मोठं पातेलं चढवतील.

तुमच्या दगडांवर झोअँथिड आहेत. त्यांच्यात, आणि त्यांच्या भाऊबंदांपैकी पॅलिथोआत तर जास्तच, पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. १९७१ मध्ये हवाईतल्या संशोधकांनी ते वेगळं काढलं. निसर्गात सापडणाऱ्या अतिजहाल विषांत त्याची गणना होते. उकळून ते निकामी होत नाही. वाफेतल्या तुषारांबरोबर घरभर पसरतं आणि श्वासावाटे आत जातं. २०१२ ते २०१४ या काळात अलास्कात घरांमध्ये आणि मत्स्यालयाच्या दुकानांमध्ये माणसं अशी आजारी पडली, त्यावर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने अहवाल काढला होता. तोंडाला कडवट, धातूसारखी चव, खोकला, धाप, ताप, अंगदुखी अशी लक्षणं झोअँथिड हाताळल्यानंतर दिसली तर फ्लू समजून झोपून राहू नका. पॉयझन कंट्रोलला १-८००-२२२-१२२२ वर फोन करा, धाप लागली असेल तर सरळ इमर्जन्सीत जा, आणि ‘घरात झोअँथिड आहेत’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. हा प्रश्न त्यांना सुचण्याचं काही कारण नाही. दगडांवर गरम पाणी ओतणं, ते कोरडे करून घासणं, प्रेशर वॉशर मारणं, हे सगळं उकळण्याच्याच पंगतीतलं. खाली जी जी कामं सांगणार आहे ती हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल घालूनच करायची. पुन्हा पुन्हा सांगत नाही.

आता ‘काय टाकलं म्हणजे सगळं मरेल?’ याचं सरळ उत्तर आहे: तांबं. माशांच्या रोगावरची कॉपरची औषधं ओता, कीड मरेल, प्रवाळं मरतील, कोळंब्या-शंख मरतील, आणि दगडात मुरलेलं तांबं पुढे कित्येक महिने पाझरत राहील. हे तुम्हाला नको असणार, म्हणून प्रश्नच जरा बदलून घेऊ. तुमच्या टाकीत ‘कीड’ नावाचा एक शत्रू नाही. तीन वेगळे प्राणी आहेत. त्यातला एक तुमचा नोकर आहे, एक चिवट उपद्व्यापी आहे आणि एकच खरा घातकी आहे. तिघांवर एकच बाटली उलटी करून चालणार नाही.

नोकर म्हणजे ते केसाळ किडे, ब्रिसल वर्म. त्यांना मारणं आजपासून बंद करा. उरलेलं अन्न, मेलेली गोगलगाय, दगडाच्या फटीत अडकलेली घाण हे खाऊन ते टाकी चालती ठेवतात. अंगाला लागले तर केस रुततात (चिकटपट्टी लावून ओढले की निघतात), म्हणून उघड्या हाताने धरू नका, एवढंच पथ्य. प्रवाळं कुरतडणारे फायरवर्म असतात, हे खरं. पण घरगुती टाकीत रात्री दिसणारे बहुतेक किडे त्या जातीचे नसतात. ते मरणाऱ्या प्रवाळावर बसलेले दिसतात आणि खुनाचा आळ त्यांच्यावर येतो. प्रवाळ आधीच मरत असतं, हे जेवायला आलेले असतात. त्यांची संख्या फार वाढली असेल तर ते तुमच्या हाताचं माप आहे. माशांना घास कमी घाला.

काचेसारखी फुलं म्हणजे ऐप्टेशिया, एक छोटं समुद्रफूल. हे शेजारच्या प्रवाळांना डंख मारतं आणि जागा बळकावतं. सुरीने खरवडल्यावर ती वाढली याचं तुम्हाला आश्चर्य वाटलंय, पण शेतात हरळी उपटणाऱ्या कुणालाही वाटलं नसतं. ऐप्टेशियाच्या पायाचा कणभर तुकडा दगडाला चिकटून राहिला तरी त्यातून नवं अख्खं फूल तयार होतं. तेव्हा खरवडणं, चिरडणं, ओढणं बंद.

यावर उपाय आहे आणि तो आईंच्या ओळखीचा निघेल: चुना. पानाला लावतात तो विरलेला चुना रसायनाच्या भाषेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आणि रीफवाले ज्याला काल्कवॉसर म्हणतात तीही याच चुन्याची निवळी. (पानाच्या दुकानातला किंवा देशी ग्रोसरीतल्या डबीतला वापरू नका, त्यात आणखी काय मिसळलंय कुणास ठाऊक. रीफच्या दुकानातली काल्कवॉसरची शुद्ध पावडर घ्या.) आरओच्या थोड्या पाण्यात दाट पेस्ट करा, बोथट सुईच्या सिरिंजमध्ये भरा. टाकीतले सगळे पंप बंद करून पाणी स्थिर होऊ द्या. हळूच जवळ जाऊन पेस्ट थेट तोंडावर सोडा. धक्का लागला तर ते फटीत आकसून घेतं आणि पेस्ट वाया जाते. दहा-पंधरा मिनिटांनी पंप चालू. एका बैठकीत सहा-आठच, कारण चुन्याने पाण्याचा पीएच वर चढतो. मधे एक-दोन दिवस जाऊ द्या. प्रवाळाला चिकटून असलेल्या फुलाला पेस्ट लावू नका, प्रवाळही भाजेल. तो दगड हलवता येत असेल तर बाहेर काढून काम करा. खोल भोकात शिरलेलं असेल तर भोकावर जेल सुपरग्लू किंवा रीफ एपॉक्सीचा गोळा दाबून बसवा. तयार पेस्टच्या बाटल्याही मिळतात. घरात लहान मूल असेल तर त्या बऱ्या, पण त्याही दाहकच असतात.

ऐप्टेशिया खाणारे जीव आणा असं तुम्हाला दहा जण सांगतील. पेपरमिंट कोळंबी खाते, पण सगळ्याच खात नाहीत, आणि जिला वरून भरपेट मिळतं ती तर ढुंकूनही बघत नाही. तिच्यासारखीच दिसणारी, पाठीला कुबड असलेली कॅमल कोळंबी चुकून आणलीत तर ती प्रवाळांचे पॉलिप खाईल. विकत घेताना नीट बघा. बर्गिया नावाची छोटी सागरी गोगलगाय फक्त ऐप्टेशियावर जगते, त्यामुळे ती सगळ्यात भरवशाची. पण तुमच्याकडे सिक्सलाइन रास आहे. महागाची बर्गिया म्हणजे त्याच्यासाठी फराळ. कॉपरबँड बटरफ्लायफिशचं नाव कुणी घेतलं तर नम्रपणे नाही म्हणा. तुमची टाकी त्याला लहान आहे आणि हा मासा खायला शिकेपर्यंत मालकाचा जीव टांगणीला लावतो.

आता खरा घातकी. फिकट गोल डाग आणि बास्टरने सुटणारे पारदर्शक चपटे किडे, या वर्णनावरून हे अ‍ॅक्रोपोरा खाणारे फ्लॅटवर्म दिसतात. तरी खात्री करा: एक फांदी पांढऱ्या वाडग्यात टाकीच्याच पाण्यात धरून बास्टर मारा, सुटलेला किडा भिंगाखाली बघा. मग त्या प्रवाळाचं बूड बघा, जिथे जिवंत पेशी संपून उघडा सांगाडा लागतो. तिथे सोनेरी-तपकिरी ठिपक्यांचे पुंजके दिसले तर ती अंडी. शंका मिटली.

हा प्राणी प्रवाळाच्याच पेशी खातो. त्याबरोबर प्रवाळातलं शेवाळ आणि रंगद्रव्यंही त्याच्या अंगात येतात, म्हणून तो प्रवाळावर बसलेला जवळजवळ दिसतच नाही. गंमत बघा: छंदिष्टांना तो आधीपासून माहीत होता, पण त्याचं शास्त्रीय वर्णन झालं २०११ मध्ये, तेही मत्स्यालयांतल्या नमुन्यांवरून. प्रत्यक्ष समुद्रात तो आढळल्याची पहिली नोंद आली त्याच्या पुढच्या वर्षी, ग्रेट बॅरिअर रीफवरच्या लिझर्ड आयलंडजवळ. आपल्याकडे वसाहती फस्त करणारा हा प्राणी खुल्या समुद्रात शोधावा लागतो. तिथे त्याला टिपणारे बरेच असणार. काचेच्या पेटीत आपण त्याला भरपूर अन्न देतो आणि वैऱ्यांपासून वाचवतो.

तुम्ही मागवलेलं औषध लाल प्लॅनेरिया नावाच्या वेगळ्या चपट्या किड्यांसाठी असतं. त्यांच्यावर ते चालतं. तिथेही आधी शक्य तितके किडे सायफनने ओढून काढायचे आणि कार्बन तयार ठेवायचा, कारण मरताना ते विष सोडतात. अ‍ॅक्रोपोराच्या फ्लॅटवर्मवर अख्ख्या टाकीत ओतून त्याचा भरवसा नाही, आणि अंड्यांना तर काहीच होत नाही. दुप्पट डोस म्हणजे दुप्पट जोखीम. तुमच्या पत्रात नाही, पण हा सल्लाही कुणीतरी देणारच, म्हणून सांगते: बागेतल्या कीटकनाशकात प्रवाळं बुडवण्याची पद्धत या छंदात बरीच पसरलेली आहे. लेबलवर नाही त्या कामाला कीटकनाशक वापरणं अमेरिकेच्या संघीय कायद्यात बसत नाही आणि घरातल्या सिंकजवळ ते बादलीत कालवणं मला पटत नाही. प्रवाळांसाठी बनवलेली डिप, म्हणजे प्रवाळ बुडवून किडे सोडवायची द्रावणं, बाजारात आहेत.

डिपचंही मर्म नीट समजून घ्या, बहुतेकांची गाडी इथेच अडते. बादलीत टाकीचं पाणी, त्यात लेबलवरच्या मापाने डिप, लेबलवर सांगितला तेवढा वेळ प्रवाळ त्यात धरायचं, बास्टरने सगळ्या बाजूंनी पाणी मारायचं, मग दुसऱ्या बादलीत स्वच्छ पाण्यात धुवायचं. डिपचं पाणी टाकीत परत नाही. याने किडे सुटतात, मरतात, तळाला पडलेले दिसतात आणि माणूस निश्चिंत होतो. अंडी मात्र शाबूत असतात. टाकीच्या तापमानाला ती फुटायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. पाणी थंड असेल तर जास्त. म्हणून डिप दर पाच-सात दिवसांनी, किमान सहा आठवडे, आणि दर वेळी बूड तपासून अंडी खरवडणं किंवा बुडाचा भाग कापूनच टाकणं. हे सगळ्या अ‍ॅक्रोपोरांना एकाच दिवशी. एक जरी दगडावर पसरून चिकटलेली राहिली, तर बाकीच्यांचे सगळे डिप फुकट.

आता कॅलेंडर काढा. आज सुरुवात केली तरी सहावा-सातवा डिप तुमच्या बॅगा भरण्याच्या आठवड्यात येईल. मधे एक चुकला, एक अंड्यांचा पुंजका नजरेतून सुटला, की तुम्ही विमानात आणि इथे नवी पिढी जेवायला बसलेली. तुम्ही ‘जाण्याआधी संपवायचं’ असं ठरवलंत तिथेच घोळ आहे. तुमच्या तिकिटाची तारीख या किड्याच्या आयुष्यात कुठेच बसत नाही. पण तुमची पाच आठवड्यांची गैरहजेरी मात्र बरोब्बर बसते.

कारण हा प्राणी फक्त अ‍ॅक्रोपोरा खातो. मऊ प्रवाळं नाही, झोअँथिड नाही. टाकीत अ‍ॅक्रोपोराच नसेल तर किडे उपाशी मरतात, आणि अंड्यांतून निघालेली पिल्लंही काही दिवसांपलीकडे तग धरत नाहीत. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सगळ्या अ‍ॅक्रोपोरा बाहेर काढल्यात, तर तुम्ही जानेवारीत परत येईपर्यंत नऊ आठवडे होतील. एवढे पुरेत. मासे, मऊ प्रवाळं, दगड सगळं जागच्या जागी. दगडावर पसरून चिकटलेली बुडं मात्र छिन्नीने काढा किंवा एपॉक्सीखाली पूर्ण गाडा. नखाएवढा जिवंत भाग राहिला तरी तो किड्यांचा भंडारा ठरेल.

काढलेल्या अ‍ॅक्रोपोरांचं काय? इथे तुम्हाला तो मित्र लागणार आहे.

त्याने मुद्दाम केलं, असं तुम्ही गृहीत धरलंय. तुमच्याच पत्रात लिहिलंय की ऑगस्टमध्ये फ्रॅग-स्वॅपमधून दोन अ‍ॅक्रोपोरा आणल्या होत्या. किडे तिथून आले नाहीत कशावरून? आणि त्याच्याकडून आले असले तरी त्याला माहीत होतं कशावरून? एखाद्या टाकीत दोन-चार चांगले रास मासे दिवसभर किडे टिपत असतील तर प्रवाळं टवटवीत दिसतात आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. तीच वसाहत दुसऱ्याच्या टाकीत गेली की बांध फुटतो. तुमचा एकटा सिक्सलाइनही असाच काही किडे खात असेल. खातो म्हणून संपवेल, असं नाही.

तेव्हा फोन करा. ‘तू दिलेलं रोगट निघालं’ म्हणून नाही. ‘माझ्याकडे फ्लॅटवर्म निघालेत, रात्री तुझ्या अ‍ॅक्रोपोरांवरही बास्टर मारून बघू या का?’ म्हणून. त्याच्याकडे किडे सापडले, तर तुमच्या फांद्यांची वरची निरोगी टोकं कापून, डिप करून, नव्या प्लगवर (फ्रॅग चिकटवायच्या छोट्या बैठकीवर) चिकटवून त्याच्याकडे ठेवता येतील. त्याची टाकी आधीच बाधित आहे, तिचं आणखी काही बिघडत नाही, आणि तुमचं वाण जगतं. टोकंच का, तर अंडी बुडाशी असतात आणि ऐप्टेशियाही तिकडेच. जुने प्लग, जुने खडे त्याच्याकडे जाऊ देऊ नका. फेब्रुवारीत ती टोकं परत घ्याल तेव्हा मात्र थेट टाकीत नाही. दहा गॅलनच्या साध्या क्वारंटाइन टाकीत (नवा जीव आधी वेगळा ठेवायच्या टाकीत) सहा आठवडे, दर आठवड्याला डिप. तोवर त्यानेही आपली टाकी साफ करायला घेतली तर दोघं मिळून करा, डिपची बाटली तरी एक लागेल.

त्याच्याकडे किडे नाहीतच असं निघालं, तर तुमच्या संशयाचा निकाल लागला. त्याला तसं सांगा. पण मग तुमच्या फांद्या त्याच्या टाकीत ठेवायला देऊ नका. अशा वेळी अ‍ॅक्रोपोरा सोडून देणं, हा पर्याय मला पराभव वाटत नाही. चार-पाच वसाहती आहेत. त्या गेल्या तरी टाकी राहते. अ‍ॅक्रोपोरा हे या छंदातलं सगळ्यात नखरेल प्रकरण आहे आणि ते नसताना सुंदर दिसणाऱ्या टाक्या पुष्कळ आहेत.

प्रवासापूर्वीचं थोडक्यात. १ डिसेंबरनंतर कुठलाही उपचार नाही, नवा जीव नाही, पेस्टचं इंजेक्शनसुद्धा नाही. ऐप्टेशिया दहा-बारा राहिली तरी राहू देत. पाच आठवड्यांत ती टाकी बुडवत नाहीत. जो कुणी टाकी बघणार आहे त्याला तीनच कामं द्या: एकेका दिवसाचं खाणं गोळ्यांच्या साप्ताहिक डबीत मोजून ठेवलेलं, तेवढंच घालायचं, आपोआप पाणी भरणाऱ्या यंत्राच्या पिंपात आरओचं पाणी आहे का बघायचं (खारं नाही, बाष्पीभवनाने मीठ उडत नाही), आणि तापमान व अख्ख्या टाकीचा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. साडेअकरा तासांच्या फरकामुळे तुम्हाला तो झोपताना किंवा उठल्यावर दिसेल, आणि तुम्ही पुण्यातून रोज नवीन सूचना पाठवणार नाही, असं आत्ताच ठरवा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जोडून ठेवा. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्ससची वीज कशी गेली होती, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पत्नीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, म्हणून मीही जपूनच बोलते. ‘विकून टाक’ यामागे कीड आहे की महिनाभर रोज रात्री बारापर्यंत टॉर्च घेऊन टाकीपुढे बसणारा नवरा आहे, हे विचारून बघा. वरची योजना त्यांना दाखवा: नोव्हेंबरच्या मध्यानंतर टाकीचं काम जवळपास शून्य होतं. तरीही विकायचंच ठरलं तर तोही रास्त निर्णय आहे. फक्त घेणाऱ्याला फ्लॅटवर्म आणि ऐप्टेशिया दोन्ही सांगून विका.

त्यावरून तुमच्या तळाच्या ओळीकडे येते. सप्टेंबरच्या सुरुवातीला तुम्ही तिघांना फ्रॅग दिलेत. तेव्हा तुम्हाला कल्पना नव्हती. त्या तिघांना हे कसं पटेल? तुम्ही आज सांगितलंत तर. आणखी महिन्याने त्यांना स्वतःच किडे सापडले, तर तुमच्याबद्दल ते जे म्हणतील ते तुम्ही आत्ता मित्राबद्दल म्हणताय. मजकूर काय लिहायचा याचा विचार करत दोन दिवस घालवू नका, हा घ्या: ‘सप्टेंबरमध्ये दिलेले फ्रॅग वेगळे काढून तपासा. माझ्या टाकीत अ‍ॅक्रोपोराचे फ्लॅटवर्म आणि ऐप्टेशिया निघालेत, तेव्हा मला माहीत नव्हतं. डिप माझ्याकडे आहे, हवं तर येऊन मदत करतो.’ ज्याला फक्त झोअँथिड दिलेत त्यालाही पाठवा. त्याच्या खड्यावरून ऐप्टेशिया गेलेलं असू शकतं. आणि जे वाचक अजून या फेऱ्यात सापडलेले नाहीत त्यांनी एवढं करावं: फ्रॅग कुणाकडूनही येवो, जुना प्लग फेकायचा, नव्यावर चिकटवायचा, डिप करायचा आणि चार-सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच आत घ्यायचा.

राहता राहिला भाचा. फ्रॅग बॅगेत नको, एकही नको. दगडी प्रवाळं साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. परवान्याशिवाय ती सीमेपार नेणं दोन्ही देशांत गुन्हा. भारतात तर २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्याच रांगेत. शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेची. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेत आलेली प्रवाळं हलवायला महापालिकेलासुद्धा वनखात्याची परवानगी घ्यावी लागली होती. पुण्या-मुंबईचे जे वाचक ‘दुकानात मिळतात की’ असं म्हणतील, त्यांनी ‘इम्पोर्टेड माल आहे’ या दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. छापा पडला तर टाकी तुमच्या घरात असेल. भाच्याला खाऱ्या पाण्याचा नाद पुरवायचा असेल तर प्रवाळांशिवाय, क्लाउनफिशची एक जोडी आणि दगड, एवढ्यावर सुरुवात करू दे. मासे टाकीत पैदास केलेले आहेत ना, हे त्याला विचारून घ्यायला शिकवा. बॅगेत एखादा चांगला स्नॉर्केल मास्क न्या. डिसेंबर-जानेवारी म्हणजे मालवणचा हंगाम. सिंधुदुर्गाच्या आसपास पाण्यात उतरवून त्याला खरी प्रवाळं दाखवता येतील. हात लावू नको, एवढं त्याला उतरण्याआधी बजावा.